हमिंगबर्डची हद्द



कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत पक्ष्यांवर बोलावे, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि रद्दीच्या दुकानात झाले. इंग्रजी पुस्तक मी अजूनही शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो. पक्षिशास्त्रज्ञ असल्याचा आव आणण्याचे मला कारण नाही. परंतु हा विषय माझ्याकडे मुळी रानावनातून आलाच नाही. तो एका कारखान्याच्या कँटीनमधून आला, आणि ती हकिगत आधी सांगणे भाग आहे.

१९९९ साली एका कारखान्यात कराराची बोलणी चालू होती. कायम कामगारांना कँटीनमध्ये सवलतीचे जेवण मिळे. कंत्राटी कामगार बाहेर भिंतीच्या सावलीला बसून डबा खात. कँटीन सर्वांना खुले करा, ही आमच्या पत्रकातली एक मागणी होती. व्यवस्थापनाच्या बाजूला एक वाचक गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, "अहो, हद्द राखणे हा निसर्गाचाच कायदा आहे. पक्षीसुद्धा आपली हद्द राखतात. रॉबर्ट आर्ड्री वाचा एकदा." मला उत्तर सुचले नाही. पण त्याहून वाईट गोष्ट पुढेच झाली. आमच्याच कायम सभासदांच्या सभेत दोघेतिघे उठून म्हणाले, की कंत्राटवाले आत आले तर रांग वाढेल, आपले ताट उशिरा येईल. त्यांना कोणी अडवले नाही. टेबलामागे मीही बसलो होतो आणि मीही गप्प राहिलो. ती मागणी पत्रकातून आपोआप गळून पडली.

आर्ड्रीचे पुस्तक मला पुढे रद्दीत मिळाले. त्याच्याकडे आपण येऊच. पण त्याच्याही आधी येतो तो पक्षी, आणि त्याची ओळख मला माझ्या पुतणीने करून दिली. ती कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. घरामागच्या परसात तिने साखरपाण्याची लाल बाटली टांगली आहे. एके दिवशी तिने फोनवर एक चित्रफीत पाठवली आणि विचारले, "काका, हा एकटाच दिवसभर बाटली राखत बसतो. दुसरा कोणी आला की त्याच्या अंगावर जातो. बाटलीत तर पाच-पंचवीस जणांना पुरेल एवढे पाणी आहे! याला काय म्हणायचे, सांगा." मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. अंगठ्याएवढा हिरवा पक्षी, गळ्याशी डाळिंबी रंगाची झळाळी. तारेवर बसून डोके सारखे इकडून तिकडे फिरवतो आहे, नि दुसरा दिसताच बाण सुटावा तसा सुटतो आहे. मला एकदम आमच्या गेटवरचा दरवान आठवला.

हा हमिंगबर्ड. कोणी त्याला मराठीत गुंजनपक्षीही म्हणतात. अमेरिका खंडांच्या बाहेर तो कोठेच नाही. आपल्या परसात जास्वंदीपुढे क्षणभर फडफडून मध चाखणारा काळा-जांभळा पक्षी तो शिंजीर; त्याचे कुळ वेगळे, धंदा मात्र तोच. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. क्यूबातली सर्वांत लहान जात जेमतेम दोन ग्रॅमची, अँडीजमधली सर्वांत मोठी वीस ग्रॅमची. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडे दिसणारा माणिककंठी हमिंगबर्ड तीन ग्रॅमचा असतो आणि फुलापुढे तरंगताना सेकंदाला पन्नासएक वेळा पंख हलवतो. एवढ्याशा देहाची उष्णता झपाट्याने निघून जाते. म्हणून दिवसभर त्याला थोड्या थोड्या वेळाने खावेच लागते, आणि थंड रात्री कित्येकदा तो शरीराचे तापमान पार उतरवून निपचित पडून राहतो, तेव्हा कुठे सकाळपर्यंत शिल्लक पुरते. हातावर पोट म्हणतात ते याचे. ज्याचा हिशेब इतका काटेकोर, तो दुसऱ्याच्या मागे धावण्यात शक्ती का उधळतो, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही.

या प्रश्नापर्यंत पोचायला माणसाला फार काळ लागला. मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांनी आपल्या युद्धदेवाला, हुइट्झिलोपोच्ट्लीला, नावच या पक्ष्यावरून दिले होते. रणात पडलेले वीर चार वर्षांनी हमिंगबर्ड होऊन फुलांतला मध चाखतात, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हा पक्ष्याचा भांडखोरपणा त्यांच्या नजरेतून सुटला नसावा. त्यांच्यानंतर आलेल्या युरोपला मात्र दिसली ती फक्त पिसे. लंडनच्या जॉन गूल्डने १८५१ साली, जगप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन भरले होते त्याच मोसमात, रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात पेंढा भरलेले हमिंगबर्ड मांडले. पंचाहत्तर हजारांवर माणसे सहा-सहा पेन्स मोजून ते पाहून गेली. गूल्डचा हमिंगबर्डवरचा ग्रंथ पाच खंडांचा, ३६० रंगीत चित्रांचा. आणि या गृहस्थाने जिवंत हमिंगबर्ड पहिल्यांदा पाहिला तो १८५७ साली, अमेरिकेला गेल्यावर! मेलेल्या पक्ष्याला रंग असतो, चोचीची लांबी असते, हद्द नसते. ती जिवंतपणीच असते, आणि ती पाहायला एका जागी बसून राहावे लागते.

तोवर बायकांच्या टोप्यांसाठी या पक्ष्यांची कातडी लंडनच्या लिलावात हजारोंनी विकली जात होती. त्या व्यापाराचा इतिहास वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. येथे एवढेच सांगतो, की अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याने हमिंगबर्डला मारणे बंद झाले, इंग्लंडने १९२१ साली पिसांची आयात थांबवली, आणि दोन्ही ठिकाणी हा लढा मुख्यतः स्त्रियांनी उभा केला होता.

आता हद्दीच्या कल्पनेकडे वळू. गरुडाची जोडी आपल्या आसपास दुसऱ्या जोडीला राहू देत नाही, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे. जर्मनीत बर्नार्ड आल्टुम यांनी १८६८ साली पक्ष्यांच्या हद्दीची उपपत्ती बरीचशी मांडली, पण जर्मनीबाहेर तिची फारशी दखल घेतली गेली नाही. ही कल्पना जगाच्या तोंडी बसवली ती एलियट हॉवर्ड या इंग्रज गृहस्थाने, १९२० साली. हॉवर्ड पेशाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हता; तो एका पोलाद कारखान्याचा संचालक होता. भल्या पहाटे घराजवळच्या शेतांत आणि झुडपांत पक्षी पाहायचे आणि मग कामावर जायचे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्याने दाखवले, की वसंतात नर आधी येतो, जागा धरतो, गाऊन ती जाहीर करतो, दुसऱ्या नराशी भांडतो ते मादीपेक्षा जागेवरूनच. आमच्या अभ्यासवर्गात मी हे सांगितले तेव्हा एक पोरगा म्हणाला, "कारखान्याच्या संचालकाला पक्ष्यांत मालमत्ताच दिसणार!" सगळे हसले. मीही हसलो, पण तो शेरा अन्यायाचा होता. हॉवर्डची निरीक्षणे खरी ठरली आहेत. जे खरे आहे ते कोणी पाहिले यावरून खोटे ठरत नाही.

हॉवर्डनंतर घ्यायचे नाव मार्गारेट मोर्स नाइस यांचे. ओहायोतील कोलंबस शहरात त्यांचे घर होते, पाच मुलींचा संसार होता, विद्यापीठात पगाराची जागा नव्हती. घराजवळच्या नदीकाठच्या पडीक जमिनीत त्यांनी १९२८ पासून गाणाऱ्या चिमण्यांच्या पायांत रंगीत कडी अडकवली, आणि कोणती चिमणी कोणत्या झुडपापर्यंत आपले म्हणते याचे नकाशे वर्षानुवर्षे काढले. १९३७ आणि १९४३ साली त्यांचे दोन खंड निघाले. एकेका पक्ष्याला ओळखून त्याच्या हद्दीचा इतिहास लिहिणे ही रीत त्या दोन खंडांमुळे रूढ झाली.

तथापि हे सारे विणीच्या हंगामाचे होते: घरटे, मादी, पिले. हमिंगबर्ड या चौकटीत बसेना. त्याचा नर घरटे बांधत नाही, पिलांना भरवत नाही. तो सगळा भार मादीवर. शिवाय हा पक्षी विणीचा हंगाम संपल्यावर, प्रवासाच्या वाटेवर, चार दिवसांच्या मुक्कामातही फुलांचा एक ताटवा धरून बसतो आणि भांडतो. माद्यादेखील भांडतात. कॅलिफोर्नियाचे फ्रँक पिटेल्का यांनी १९४२ साली या साऱ्या नोंदी एकत्र करून हमिंगबर्डच्या हद्दीचा प्रश्न नीट मांडला. ही हद्द घराची नव्हे, ताटाची होती.

आता आर्ड्री. हा अमेरिकन नाटककार आणि चित्रपटलेखक. १९६६ साली त्याने प्राण्यांच्या हद्दींवर पुस्तक लिहिले आणि ते भराभर खपले. लेखणी मोठी लाघवी आहे, हे मी मान्य करतो. शब्दकोश बाजूला ठेवून पाने वाचली गेली असे माझ्या बाबतीत फार वेळा झालेले नाही. त्याचे म्हणणे असे, की जमिनीची मालकी आणि तिच्यासाठी लढणे हे माणसाने शोधून काढलेले नाही. ते प्राण्यांकडून वारशाने आले आहे, रक्तात आहे, म्हणून ते बदलण्याची भाषा फोल आहे. कँटीनच्या बोलण्यांत मला ऐकवले गेले ते हेच. ॲशली माँटेग्यू यांनी १९६८ साली अनेक शास्त्रज्ञांचे लेख एकत्र करून आर्ड्रीचा समाचार घेतला. पण मला अधिक परिणामकारक वाटले ते उत्तर कोणी आर्ड्रीला म्हणून दिलेलेच नव्हते. ते मधाच्या हिशेबातून निघाले.

या हिशेबाची पहिली ओळ १९६४ साली जेराम ब्राउन यांनी लिहिली होती. त्यांचा विचार अगदी सरळ आहे. हद्द राखायला खर्च येतो: टेहळणी, पाठलाग, दुखापतीचा धोका. हद्दीतून मिळकत होते. मिळकत खर्चाहून जास्त तेथेच प्राणी हद्द राखील. अन्न फार थोडे असेल तर राखणे परवडत नाही. अन्न सर्वत्र मुबलक असेल तर राखण्याची गरज नाही. आणि घुसणारे फार झाले तर राखणे शक्य नाही. म्हणजे हद्द ही अटळ प्रेरणा नव्हे, परिस्थितीप्रमाणे उघडझाप करणारे दुकान आहे.

हे मोजून दाखवले फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ यांनी, १९७५ साली, आणि तेही हमिंगबर्डवर नव्हे, तर आफ्रिकेत केनियामध्ये, आपल्या शिंजिराच्या भाऊबंदांवर. सोनेरी पंखांचा शिंजीर नुसता बसून राहिला तर तासाला सुमारे ४०० कॅलरी खर्च करतो, फुलांवर फिरला तर १०००, आणि घुसखोराचा पाठलाग केला तर ३०००. (या शास्त्रातल्या बारीक कॅलरी, आपल्या पोळीभाताच्या हिशेबातली एक त्यांच्या हजारांबरोबर.) ताब्यातल्या फुलांना दुसऱ्या कोणी तोंड लावले नाही, तर प्रत्येक फुलात मध साठून राहतो. फुलामागे मध दुप्पट झाला, तर दिवसाची भूक भागवायला आठ तासांऐवजी चारच तास फिरावे लागते. उरलेले चार तास बसून काढता येतात. ही बचत पाठलागाच्या खर्चाहून मोठी असेल तेव्हा शिंजीर हद्द राखत होते. नसेल तेव्हा खुशाल सोडून देत होते. तेच पक्षी, तेच रक्त.

हमिंगबर्डवर तोच हिशेब लवकरच लागू झाला. तांबूस हमिंगबर्ड नावाची जात आहे. साडेतीन ग्रॅमचा हा जीव मेक्सिकोतून निघून थेट अलास्कापर्यंत विणीला जातो आणि परत येतो. परतीच्या वाटेवर डोंगरातल्या फुललेल्या कुरणांत तो मुक्काम करतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या अशा एका कुरणात गॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या निबंधात दाखवले, की निरनिराळ्या पक्ष्यांच्या हद्दींच्या क्षेत्रफळात शंभरपटींपर्यंत फरक होता, पण हद्दीतल्या फुलांच्या संख्येत तो पाचपटींच्या आसपासच. फुले दाट तेथे हद्द ओटीएवढी. विरळ तेथे शेताएवढी. पक्ष्याला जमिनीशी कर्तव्यच नव्हते! पुढे कार्पेंटर, पेटन आणि हिक्सन यांनी तर कमाल केली. पक्षी ज्या दांडीवर बसे तेथे त्यांनी तराजूच लावला. पक्षी येई, बसे, आणि स्वतःचे वजन करून देई. १९८३ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की हा पक्षी आपली हद्द रोजच्या रोज लहानमोठी करून पाहतो आणि ज्या आकाराला वजन सर्वांत वेगाने वाढते त्या आकाराशी येऊन थांबतो. पुरेसे वजन झाले, की ज्या ताटव्यासाठी काल रणकंदन केले तो तसाच टाकून दक्षिणेला निघून जातो. त्याचा सातबारा कोणाच्या नावे राहत नाही.

अन्न मिळवण्याच्या बाकीच्या रीतीही बघा. फाइनसिंगर आणि कॉलवेल यांनी १९७८ साली उष्ण प्रदेशातल्या हमिंगबर्डचे व्यवसाय मांडले. कोणी हद्द राखणारे. कोणी फेरीवाले: दूरदूरची तुरळक फुले ठरल्या वाटेने फिरून चाखणारे, लांब वाकड्या चोचीचे; यांना कोठेही हद्द नाही. कोणी दांडगे, की ज्यांना हद्दीचा धनी हाकलूच शकत नाही. आणि कोणी इतके बारीक, की धनी पलीकडे पाहतो तेवढ्यात दोन घोट घेऊन पसार. एकाच कुळातली ही चार चालीरीतींची माणसे — पक्षी म्हणायचे होते मला. यातली कोणती रीत 'निसर्गाचा कायदा' आणि बाकीच्या काय बेकायदा?

आता पुतणीच्या बाटलीकडे येतो, कारण बाटलीलाही इतिहास आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुकलाइनच्या कॅरोलाइन सूल यांनी जाड कागदाचे फूल रंगवून त्यात लहान बाटली बसवली आणि १९०० साली 'बर्ड-लोअर' मासिकात त्याची कृती दिली. पुढे १९३० च्या सुमारास बोस्टनच्या लॉरेन्स वेबस्टर यांनी पत्नीसाठी काचेचे एक साधन फुंकून घेतले. १९५० च्या सुमारास तसली बाटली बाजारात विक्रीला आली. वेबस्टरचे नाव राहिले, ती काच फुंकणाऱ्या कारागिराचे कोणाच्या तोंडी नाही. पण ही माझी जुनी तक्रार आहे, ती येथेच सोडतो. त्यानंतर घरोघर परसांत साखरपाणी लटकू लागले.

या बाटलीने काय केले ते नीट पाहा. रानात मध हजार फुलांत थेंबाथेंबाने वाटलेला असतो. एक फूल रिकामे झाले तर ते भरायला वेळ लागतो. बाटलीने शेकडो फुलांचा मध एका भोकाशी आणून ठेवला, आणि ते भोक कधी आटत नाही. राखायला जागा किती? वीतभर. मिळकत किती? मोजता न येण्याइतकी. ब्राउन यांच्या हिशेबाने राखण्यास याहून उत्तम वस्तू निर्माण करता येणार नाही. शास्त्रज्ञांनीही हे ओळखून बाटल्याच प्रयोगाला घेतल्या. ईवाल्ड आणि कार्पेंटर यांनी १९७८ साली ॲनाच्या हमिंगबर्डपुढे कमीजास्त साखर ठेवून पाहिले, की मिळकत बदलली की राखणीचा जोरही बदलतो. पुतणीला वाटले, भांडण पक्ष्याच्या स्वभावात आहे. स्वभावात भांडण्याची ताकद आहे, हे खरेच. कोस्टारिकातल्या एका जातीच्या प्रौढ नरांच्या चोचीचे टोक भोसकण्याच्या कामी येते, असे २०१५ च्या अभ्यासात दिसले. पण दिवसभर एका तारेवर बसण्याची नोकरी त्याला बाटलीने दिली.

मी तिला फोनवर म्हटले, "अगं, एका बाटलीच्या तीन कर. आणि तिन्ही एकमेकींना दिसणार नाहीत अशा टांग. एक पुढच्या दारी, एक मागे, एक झाडाआड." तिने तसे केले. धनी अजून मागच्याच बाटलीवर असतो. पण पुढच्या दारी आता दुसरे येऊन पितात. पुढे हिवाळ्यात एकदा तिच्याकडे पुष्कळ पक्षी एकदम जमले. तेव्हा म्हणे त्याने पहिल्या तीन-चारांचा पाठलाग केला, पाचव्याच्या मागे अर्धवट गेला, आणि नंतर मुकाट्याने त्यांच्याबरोबर पिऊ लागला. घुसणारे फार झाले की राखण मोडते, हे ब्राउन यांचे कलम तिने परसात पाहिले. गेट-सभेत हा दाखला टाळ्या घेईल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी तो तेथे देत नाही. पूर्वी मी मुंग्यांचे दाखले देत असे, क्रोपोटकिनचे १९०२ चे पुस्तक वाचून. मुंग्या एकमेकींना मदत करतात, मग माणसे का नाही, असे. त्या वाचक गृहस्थांनी केले तेच मी उलट बाजूने करत होतो. कंत्राटी कामगाराला आत घ्यावे की नाही, हे ना मुंगी ठरवते, ना पक्षी. त्या सभेत आम्ही जे केले ते आम्हीच केले होते. पुढे २००४ साली, दुसऱ्या एका कारखान्यात, तीच मागणी मी पत्रकात पहिल्या क्रमांकावर घातली आणि आधी आमच्या कायम सभासदांकडूनच मंजूर करून घेतली. तिला चार सभा लागल्या.

ॲनाच्या हमिंगबर्डविषयी शेवटचे सांगतो, कारण तो पुतणीच्या परसातला. विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी वीण घालत असे ती कॅलिफोर्नियात आणि तिच्या दक्षिणेला. बागांतली परदेशी झाडे आली, निलगिरी आली, बाटल्या आल्या, तसा तो उत्तरेकडे सरकत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत जाऊन राहिला. २०१७ च्या एका अभ्यासाने या विस्ताराचा संबंध वस्तीशी आणि बाटल्यांशी जोडला आहे. आणि २०२५ साली संग्रहालयांतले जुने नमुने मोजून संशोधकांनी असे दाखवले, की बाटल्या वाढल्या तशा त्याच्या चोचीही काही पिढ्यांत लांब आणि निमुळत्या झाल्या. नरांच्या चोची अधिक टोकदार झाल्या; बाटलीपाशी होणाऱ्या झटापटींशी त्याचा संबंध असावा, असा त्यांचा कयास आहे.

पुतणी दर दोन-तीन दिवसांनी तिन्ही बाटल्या गरम पाण्याने धुते. चार वाट्या पाण्याला एक वाटी पांढरी साखर, रंग अजिबात नाही. गेल्या आठवड्यात तिने नवी चित्रफीत पाठवली. तारेवर तोच बसला होता, की त्याच्या जागी आलेला दुसरा, हे तिलाही ओळखता आले नाही.